आमच्याकडे दोरा कपाटात का असतो

घरात मांजरं आणि एकही लोकरीचा गुंडा नाही, असं कसं? नातेवाईक विचारतात, सोसायटीतले विचारतात, मांजर दाखवायला मुलांना घेऊन आलेल्या त्यांच्या आयाही विचारतात. पुढचं वाक्यही ठरलेलं: ‘आमच्याकडे तर दोऱ्याशी खेळूनच मोठी झाली, काही झालं नाही हो.’ आजवर ‘नको, गिळतात’ एवढं म्हणून मी चहा टाकायला उठत आले. आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

आमची मांजर ठकी गजऱ्याच्या दोऱ्याने गेली.

घरी भाचीचं केळवण होतं. मंडईतून मोगऱ्याचे गजरे आणले होते. रात्री कुणीतरी आपला गजरा उतरवून आरशासमोर ठेवला. कुणी, ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. सकाळी फुलं फरशीभर पसरलेली होती. सगळ्यांना कौतुक वाटलं, फुलं केरात गेली. तेव्हाच दोरा शोधायला हवा होता, असं मला नंतर ऐकवलं गेलं. मला ते मान्य नाही. जी गोष्ट घरात एकालाही माहीत नव्हती, ती कोण शोधणार होतं?

दुसऱ्या दिवशी ती पांढरा फेस ओकली. मांजरं ओकतात, केस गेले असतील म्हटलं. मग सुकटीची पिशवी वाजवली तरी आली नाही. शिलाई मशीनच्या मागे पाय पोटाशी घेऊन बसली होती, पोटाला हात लावला की अंग आखडून घ्यायची. रिक्षा करून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तिचं तोंड उघडलं आणि हनुवटीखालून, दोन हाडांच्या मधल्या मऊ जागेत, अंगठा वर दाबला. जीभ उचलली गेली. मुळाशी पांढरा दोरा आडवा अडकला होता, आजूबाजूचं मांस लाल झालं होतं. दोन्ही टोकं घशातून आत गेलेली.

मी म्हटलं, ओढून काढा ना. ते म्हणाले, ओढला तर आतडं चिरेल.

मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले काटे असतात. तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, तो आतच सरकत जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठर आतड्याला मिळतं तिथे अडकतं, उरलेला दोरा आतड्यात उतरतो. आतडं आपलं काम करत पुढे ढकलत राहतं, पण दोरा पुढे जात नाही. मग नाडी ओढल्यावर परकराच्या चुण्या पडाव्यात तसं आतडंच त्याच्यावर गोळा होतं आणि ताणलेला दोरा आतून कापत जातो. ठकीचं पोट उघडलं तेव्हा आतडं तीन ठिकाणी चिरून दोरा काढावा लागला. एका जागी तो आधीच आरपार गेला होता, पोटात पू झाला होता. शुद्धीवर आली, माझ्याकडे बघितलंन. दुसऱ्या रात्री गेली.

तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढू नका. तडक दवाखाना गाठा. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल.

आता ‘काही झालं नाही’चं. मीही नारायण पेठेतल्या वाड्यातच वाढले. आजी गोधडी शिवायची आणि मांजरं दोऱ्याच्या मागे धावायची. ठकी जाईपर्यंत मीसुद्धा हेच म्हणायचे. पण वाड्यातलं एखादं मांजर दिसेनासं झालं की आम्ही काय म्हणायचो? ‘गेलं असेल मंडईकडे.’ आजारी मांजर कोपरा धरतं, कुणाला दिसत नाही. त्यांची पोटं कुणी उघडून बघितली होती? ती दोऱ्याने गेली असं मी म्हणत नाही. काही झालं नव्हतं, हेही मला आता म्हणता येत नाही.

आणि मांजरांना मी उपाशी ठेवावं तसं खेळावाचून ठेवलंय, हा समज तर काढूनच टाका. टेबलटेनिसचा चेंडू 40 मिलिमीटरचा असतो, गिळता येत नाही. पितळी परातीत सोडला की बंड्या पंजाने तो गरागरा फिरवत बसतो. वाण्याकडची खोकी, पिना आणि चिकटपट्टी काढून. चिंध्या भरून घट्ट शिवलेला मोजा. तुळशीबागेतून कुणी उंदीर आणला तर त्याचे चिकटवलेले डोळे आणि घुंगरू आधी उपटते. आणणाऱ्याला वाईट वाटतं, वाटू दे. आणि सगळं एकदम मांडून ठेवत नाही. 2002 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी हेच तपासलं होतं: तेच खेळणं परत परत दिलं की मांजर कंटाळतं, वेगळं दिलं की पुन्हा पेटून उठतं. लेझरचा ठिपका आमच्याकडे नाही. मागे धावून दातात काहीच येत नाही, आणि किरण डोळ्यांत जाण्याची भीती वेगळी.

मग काठीला दोरी बांधून रोज खेळवतेस ते काय, असं माझी बहीण विचारते. हो, खेळवते. दोरी जमिनीवरून सरपटत लांब जाते, सोफ्याआड दिसेनाशी होते, तेव्हा बंड्याचा मागचा भाग जसा थरथरतो तसा चेंडूने नाही थरथरत. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये कोंडून मी त्याची शिकार काढून घेतली आहे, बदल्यात एवढं तरी द्यायला हवं. मी समोर असते, शेवटी त्याला पकडू देते, लगेच जेवण वाढते आणि काठी कपाटात कुलूपबंद करते. तो दाराशी बसून ओरडतो. बहीण म्हणते, एवढी भीती वाटते तर दोरी काढूनच टाक. आणि द्यायचीच तर मोकळी दे. दोन्हींत मला तथ्य दिसतं, आणि दोन्ही माझ्याच्याने होत नाही.

तेव्हा घरी जरूर या. राखी, गजरा, पार्सलचं रबरबँड, जे असेल ते आल्या आल्या माझ्या हातात द्या. गजरा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते, जाताना ताजाच परत मिळेल.