मुलाला क्रॉस-कंट्रीत घालू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शाळेच्या क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ, चिखल, गवत यांतून लांब पळण्याच्या शर्यतीच्या, टीमची निवड जवळ आली की पालक मला गाठतात. "आमचं पोर काही फार वेगाने पळत नाही, मग टीममध्ये जाऊन करणार काय?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "वाढत्या वयात एवढं पळणं झेपेल का?" बरीच वर्षं मी शाळेतल्या मुलांचा सराव घेत आले आहे. माझं उत्तर आहे, जरूर घाला. पण काही गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गुण मोजायच्या पद्धतीतच आहे. बहुतेक शालेय स्पर्धांत प्रत्येक टीमचे सात जण धावतात आणि त्यांतल्या पहिल्या पाच जणांच्या क्रमांकांची बेरीज धरतात. जिची बेरीज सगळ्यांत कमी, ती टीम जिंकते. आता समजा, एका टीमची मुलं पहिली, दुसरी, तिसरी आली, पण चौथा गडी विसावा आणि पाचवा चोविसावा आला. बेरीज 50. दुसऱ्या टीमचे पाच जण 6, 8, 9, 11 आणि 13 या क्रमांकांवर आले. बेरीज 47. म्हणजे पहिले तिन्ही नंबर पटकावूनही पहिली टीम हरली! याच शर्यतीत दुसऱ्या टीमचे उरलेले दोघं 17 वे आणि 19 वे आले असं धरा. त्यांचे क्रमांक बेरजेत येत नाहीत, पण त्यांनी पहिल्या टीमच्या चौथ्या-पाचव्याला दोन-दोन जागा मागे ढकललं. ते दोघं मध्ये नसते तर पहिल्या टीमची बेरीज 46 झाली असती आणि निकाल फिरला असता.

म्हणून मला हा खेळ मनापासून आवडतो. मधल्या घोळक्यात धावणाऱ्या मुलाकडे एरवी कुणाचं लक्ष नसतं. इथे पहिल्या पाचांतल्या मुलाने शेवटच्या दोनशे मीटरमध्ये दुसऱ्या टीमचा एक जरी मागे टाकला तरी आपल्या टीमची बेरीज एकाने कमी होते, आणि हे त्या मुलाला पक्कं ठाऊक असतं. चढावर छाती भरून आलेली, बुटांना चिखल चिकटून पाय जड झालेले, आणि तरीही नजर पुढच्याच्या पाठीवर. बक्षीस घेणाऱ्यांत त्याचं नाव नसेलही, पण गुणपत्रक लागलं की टीममधली मुलं आधी त्यालाच शोधायला धावतात.

दमसास वाढतो, झोप चांगली लागते, हे फायदे तुम्हाला माहीत आहेतच. त्याहून मोलाचा भाग मला सरावात दिसतो. सरावातलं बरंचसं पळणं बोलता बोलता जमेल अशा वेगाने करायचं असतं. ना हातात फोन, ना समोर पुस्तक, अर्धा-पाऊण तास मुलं शेजारी-शेजारी धावतात आणि बोलतात. वरच्या वर्गातली मुलगी नव्या मुलीला चढावर पावलं आखूड कशी टाकायची ते दाखवते. अशी मैत्री मुद्दाम जुळवायला गेलं तर जुळत नाही.

आता दुसरा प्रश्न. ज्या गोष्टीमुळे हा खेळ मुलांना जवळचा वाटतो, तिच्यातच त्याचा धोकाही आहे. आपल्या क्रमांकावर टीम अवलंबून आहे असं वाटलं की मुलं दुखणं लपवतात. नडगी दुखते असं मूल म्हणालं तर आतल्या कडेवरून बोट दाबत वरून खाली न्या. बऱ्याच लांबीवर दुखत असेल तर बहुधा अतिश्रमाची सूज असते, पळणं कमी केलं की उतरते. पण एकाच जागी बोट टेकताच मूल कळवळलं, किंवा झोपल्यावरही ठणका लागला, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. मग पळणं बंद आणि आधी डॉक्टर, मग शर्यत कितीही मोठी असो. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात टाचेच्या मागे किंवा गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, तेही सोंग नसतं. तिथे हाडाची वाढ अजून चालू असते आणि स्नायूंचा ताण नेमका त्याच जागी येतो.

मुलींच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. खाणं कमी पडलं आणि पळणं वाढलं की पाळी लांबते, कधी थांबतेच. "खेळाडूंचं असं होतं" म्हणून ते सोडून देऊ नका. हाडं मजबूत होण्याच्या वयातच ती कच्ची राहतात. सतत थकवा असेल तर रक्तातलं लोह तपासून घ्या. आणि जो प्रशिक्षक वजन कमी कर, वेग वाढेल असं मुलांना सांगतो, त्याच्या हाती मी माझं मूल देणार नाही.

उन्हाचंही तसंच. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भर उन्हात क्रॉस-कंट्री झाली. सुरुवात केलेल्या 38 पैकी 15 जणच शेवटपर्यंत पोचले. फिनलंडचा धावपटू पाव्हो नुर्मी जिंकला, पण कसलेले धावपटू वाटेत कोसळले आणि त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून वगळला गेला. मोठ्यांची ही गत, तर मुलांचा सराव भर दुपारी कशाला? तुमच्या शाळेत तो तेव्हाच होत असेल तर बिनधास्त जाऊन बोला.

अभ्यासाचं म्हणाल तर वेळ जातो, नाही असं नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. सराव आणि अभ्यास यांत ती मारली जात असेल तर सरावाचा एखादा दिवस कमी करा, झोप नको.

आणि पहिल्या वर्षी घड्याळ बघू नका. कुठे चढ, कुठे चिखल, कुठे सपाट गवत, त्यामुळे एका मैदानावरची वेळ दुसरीकडे लागू पडत नाही. त्यापेक्षा दोन शर्यतींचे निकाल शेजारी ठेवा. मागच्या वेळी तुमच्या मुलाच्या जरा पुढे आलेली मुलं या वेळी त्याच्या किती पुढे आहेत, तेवढं पाहा.