माझा अनुभव: मॉर्फिनची चिठ्ठी आणि औषधाची खिडकी

बाबांचं वेदनेवरचं ट्रामाडॉल थांबवून डॉक्टरांनी त्याहून तीव्र वेदनाशामक, मॉर्फिन लिहिलं, इथपर्यंत सुरळीत. अडलं ते औषधाच्या खिडकीवर.

२०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. तरी नाक्यावरच्या मेडिकलमध्ये ते सहसा मिळत नाहीच. म्हणजे खिडकी एकच, रुग्णालयाची, आणि तिथून चिठ्ठी परत! का, तर '१० मिग्रॅ, दर ४ तासांनी' लिहिलंय, एकूण गोळ्या किती ते नाही. सही करणारे डॉक्टर तोवर ओपीडी आटोपून गेलेले. म्हणून हिशेब डॉक्टरांसमोरच करून घ्या. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ ला एकेक. रात्री १० ला डॉक्टरांनी दोन सांगितल्या, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. दिवसाला ६, १४ दिवसांच्या ८४. मधेच कळ आली तर घ्यायचा जादा डोस दिवसभराच्या साधारण एक षष्ठांश, इथे एक गोळी. त्या गोळ्यांचा आकडाही लिहून घ्या, नाहीतर पुन्हा तीच रांग.

चीड याची की खिडकीवर शिक्का पाहिला, आधार पाहिलं, सही ताडली. पेशंट आणखी काय घेतो हे कुणी विचारलं नाही. झोपेसाठी अल्प्राझोलाम चालू होती. मॉर्फिनच्या जोडीला ती श्वास आणखी मंदावू शकते (मनाने एकदम बंदही करायची नाही, डॉक्टरांना विचारा). फॅमिली डॉक्टरांनी दिलेली दुखण्यावरची गोळी डायक्लोफिनॅक मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते, आणि मॉर्फिनचे अवशेष बाहेर पडतात तिथूनच. ते साचले की गुंगी वाढते, हातपाय झटकतात. पुढे फेंटानिलचा पॅच (कातडीवर चिकटवायचं तीव्र वेदनाशामक) लागला तर तोंडातल्या बुरशीची फ्लुकोनॅझोल आवर्जून सांगा. तिने फेंटानिल रक्तात वाढतं. सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स, काढे-चूर्णांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओता.

हाक मारून जाग येत नसेल किंवा श्वास मिनिटाला ८ च्या खाली गेला, तर पुढचा डोस न देता तडक रुग्णालय गाठा. मॉर्फिनची १२ तास हळूहळू सुटणारी गोळी कधीही कुटून देऊ नका, सगळं औषध एकदम अंगात जातं.

आणि हो, बद्धकोष्ठाचं औषध मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या, बिसाकोडिल वगैरे. पाणी कमी प्यायलं जात असेल तर इसबगोल नको, आतच गोळा होतो.