कादंबरी, आठवडा सतरावा: एका ‘आले’नं केलेला घात

शब्द ४१,२००. प्रकरणं चौदा. गेल्या नोंदीत आकडा ४४,६०० होता, म्हणजे पंधरा दिवसांत मी उलटा चाललोय.

नायिका रूप बदलते, पण वजन तेवढंच राहतं, हा नियम मीच दुसऱ्या प्रकरणात घातला होता. आणि सहाव्यात तिला कावळा करून गच्चीवरून उडवलं! ५८ किलोची बाई, अर्ध्या किलोचा कावळा. उरलेले साडेसत्तावन्न किलो कुठे ठेवले? पळवाटा शोधल्या. वस्तुमान ‘दुसऱ्या जगात’ ठेवायचं वगैरे. पण तिथे एकदा गोदाम उघडलं की तिला कुठल्याच दारात अडवता येत नाही, मग थरार कसला? उडणाऱ्या पक्ष्यांतले सगळ्यात जड पक्षीसुद्धा वीसेक किलोच्या आसपासच थांबतात. उड्डाण रद्द, प्रकरण कचऱ्यात. आता तिला माणूस, बिबट्या किंवा जरा दांडगा लांडगा, एवढंच परवडतं. मांजरही गेलं. त्याचं खरंच वाईट वाटलं, कारण नपुंसकलिंगी निवेदक मला करून बघायचा होता.

निवेदन प्रथमपुरुषी आहे, आणि मराठीत ‘मी’ फार वेळ लपून राहत नाही. ‘गेलो’ की ‘गेले’, हे दुसऱ्याच शब्दाला ठरवावं लागतं. मी ठरवलं होतं की शरीर ज्याचं, लिंग त्याचं. रूप पालटत असताना मात्र तिला कर्मणी आणि भावे प्रयोगांत ठेवायचं: ‘मी दार ढकललं’, ‘मला ऐकू आलं’. तिथे क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही. ‘म्हणाले’च्या जागी ‘म्हटलं’ टाकलं की आणखी अर्धं पान निभतं.

अकराव्या प्रकरणात ती पहारेकऱ्याचं रूप घेऊन व्हॅम्पायरांच्या तळघरात शिरते. आवाज त्याचा, चाल त्याची. आणि मी सवयीनं लिहून गेलो: “मी आत्ताच आले.” कच्चा खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीनं त्याला लाल खूण केली. दुरुस्त करायला बसलो आणि हात थांबला. समोर दोनशे वर्षं लोकांचं बोलणं ऐकत आलेला म्हातारा व्हॅम्पायर बसलाय. त्याला हे ऐकू येणार नाही? चूक तशीच ठेवली. तो काही बोलत नाही, फक्त तिला बसायला खुर्ची देतो. पहारेकऱ्याला तिथे कुणी कधी खुर्ची दिलेली नसते. इतके दिवस ती पकडली कशी जाणार याला उत्तर नव्हतं; चांदी, आरसा, रक्ताचा वास, सगळं लावून पाहिलं होतं.

म्हाताऱ्याला उन्हात जाळणार नाहीये. ‘ड्रॅक्युला’ (१८९७) मधला काउंट दिवसाढवळ्या फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. उन्हानं मरण ही कल्पना रुजली ती १९२२च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटापासून. मला दुपारी पेंगुळलेला, चिडका व्हॅम्पायर जास्त आवडतो.

वेअरवुल्फांची, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसांची, बाजू मात्र अजून ढिली आहे. नवव्या आणि बाराव्या प्रकरणांत पौर्णिमा, आणि मध्ये जेमतेम सतरा दिवस. दोन पौर्णिमांमध्ये साडेएकोणतीस दिवस लागतात हे शाळेपासून माहीत असून हे झालं. शिवाय पौर्णिमेचा चंद्र मी मध्यरात्री उगवायला लावला होता. तो सूर्यास्ताच्या सुमारासच वर येतो. त्यामुळे टोळीचं रूपांतर ऐन गर्दीच्या वेळेत आलं, ते उलट बरंच झालं. आता त्यांना घरी पोचायची घाई आहे. आणखी एक: लांडग्याच्या डोळ्याला निळा-पिवळा कळतो, लाल नीट कळत नाही. म्हणजे ‘फुटपाथवरचे लालभडक थेंब’ हे वाक्य लांडग्याच्या नजरेतून बाद. तो पाठलाग आता पूर्ण वासावर लिहितोय, आणि तीन पानांत वासाला विशेषणं संपली.

पुढच्या खेपेपर्यंत: नायिकेच्या तोंडची ‘म्हणाले’ शोधून तपासायची. ११२ सापडली, ६४ झाली. त्यातली दोन चुकीची आहेत, पण ती म्हाताऱ्यासमोरच बोललेली आहेत, आणि तेव्हा तिला खुर्ची मिळालेली नव्हती.