हलू नका, असं सांगावं लागत नाही

जुन्या गावातल्या चौकात उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो काढणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम वाटतं. तो डोळे मिटत नाही, कंटाळत नाही, 'माझी ही बाजू चांगली येत नाही' म्हणत नाही. एका फोटोला मिनिटंच्या मिनिटं लागायची त्या काळात फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या इंग्रज टॅल्बटनं पॅट्रोक्लस या ग्रीक वीराच्या अर्धपुतळ्याचे कितीतरी फोटो काढले, ते काही उगाच नाही. बाजू बदलून, ऊन बदलून. पुतळा हलत नाही म्हटल्यावर हलायचं काम आपल्याकडे येतं, हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

आपण मात्र चौथऱ्याला चिकटून उभे राहतो आणि मोबाइल वर करतो. मग फोटोत येतो तो भलामोठा चौथरा, त्यावर बूट आणि शेवटी दोन नाकपुड्या. चांगलं मागं सरकून झूम केलं, तर महापुरुषाला डोकंही मिळतं. दुपारी डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि मागं उजळ आकाश असलं की ब्राँझचा चेहरा डांबरासारखा दिसतो. अशा वेळी स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड वाढवावा. आकाश पांढरं पडेल, पडू दे. आकाशाचा फोटो काढायला आपण आलेलो नाही. डोक्यावरचं कबूतर मात्र मी उडवत नाही. तेवढंच काय ते फ्रेममध्ये जिवंत असतं!

फ्लॉरेन्सच्या 'पोर्चेल्लीनो' या ब्राँझच्या रानडुकराचा अख्खा फोटो काढण्यापेक्षा मी नुसत्या नाकाचा काढेन. नशीब उघडावं म्हणून येणारेजाणारे ते चोळतात. अंग काळपट आणि नाक मात्र सोन्यासारखं लखलखीत. मूळ पुतळा संग्रहालयात गेला आणि चौकात प्रतिकृती आली, तरी चोळणं चालूच.

व्हेनिसमधल्या कोलेओनीच्या घोड्यावरच्या पुतळ्याचा किस्सा आणखी मजेदार. या सेनापतीनं मृत्युपत्रात शहराला पैसा ठेवला आणि सान मार्को या मुख्य चौकात पुतळा मागितला. राज्यकर्त्यांनी पैसा घेतला आणि पुतळा उभारला तो 'स्कुओला दी सान मार्को' या धार्मिक मंडळाच्या इमारतीच्या दारासमोर, दुसऱ्याच चौकात. नावात सान मार्को आहे ना, मग झालं! म्हणून इथं फोटोत मागची इमारत कापायची नाही. सगळी चलाखी तिच्यातच आहे.

हा पुतळा घडवणारा शिल्पकार व्हेरोक्किओ १४८८ मध्ये वारला. ओतकाम लेओपार्दीनं केलं आणि १४९६ मध्ये पुतळा खुला झाला. लेओपार्दीनं काय करावं? घोड्याच्या पोटाखालच्या पट्ट्यावर स्वतःचं नाव कोरून टाकलं. सगळे घोडेस्वाराच्या करारी चेहऱ्यावर कॅमेरा रोखतात. मी झूम लावेन तो त्या पट्ट्यावर.