लातूरच्या खोलीतून स्टीमवर ‘कोरडवाहू’ लागेपर्यंत: माझा अनुभव

लातूरात बसून स्टीमवर, म्हणजे पीसीचे गेम विकणाऱ्या ऑनलाईन दुकानात, आपला गेम लावता येतो का, पुण्याला जावं लागतं का, कंपनी काढावी लागते का, असं गेल्या आठवड्यात तीन-चार पोरांनी विचारलं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. पुण्याला जावं लागत नाही, कंपनी पण लागत नाही. पॅन कार्ड, बँकेचं खातं, १०० डॉलर आणि लई धीर लागतो. मी दिवसा एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाईनचं काम करतो, रात्री गेम करतो, चार वर्षं झाली, आणि मागच्या मंगळवारी माझ्या गेमचं पान स्टीमवर लागलं. गेम अजून यायचाय, सध्या फक्त पान आहे. नाव ‘कोरडवाहू’. सगळं मोडून पडल्यावर जी माणसं उरतात त्यांचा आरपीजी, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम, आपल्याच भागातला.

हे डोक्यात कधी आलं ते नक्की सांगता येतं. २०१६ चा उन्हाळा, मी अकरावीला, लातूरात खोली करून राहायचो आणि रूममेटच्या जुन्या पीसीवर पहिला फॉलआउट खेळायचो, तो १९९७ चा आहे, कुठल्याही डबड्या पीसीवर चालतो. त्यात अणुयुद्धानंतर जमिनीखाली राहणारी माणसं असतात, त्यांच्या पाण्याच्या यंत्रणेची चिप बिघडते आणि तुम्हाला बाहेर पाठवतात, १५० दिवसांत नवीन चिप शोधून आणा म्हणून. आणि इथं आमच्या खोलीच्या बाहेर नळ बंद, टँकर आला की अर्ध्या रात्री घागरी घेऊन पळायचं, मार्चमध्ये तर पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ कलम लावलं होतं. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, १० वॅगन, एकेकीत ५०,००० लिटर, म्हणजे ५ लाख लिटर. आम्ही पोरं बघायला गेलो होतो. रात्री परत येऊन तोच गेम सुरू केला आणि मला वाटलं की ह्या लोकांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जे मांडलंय ते आमच्या मांजरा काठाला मांडता येईल, आणि आम्हाला तर बॉम्ब पण लागणार नाही.

ह्या प्रकारच्या गेममध्ये पैसे म्हणून काहीतरी वेगळंच चालतं, फॉलआउटमध्ये बाटलीची बुचं चालतात. माझ्यात पाणी चालतं. घागर हे माप. एका घागरीत साधारण १५ लिटर बसतं, आणि माणूस दोन घागरी घेऊन चालला की त्याचा वेग कमी होतो, पळाला तर पाणी सांडतं, आणि सांडलेलं पाणी जमिनीवर थोडा वेळ काळं दिसतं मग जातं. तो काळा डाग बरोबर वाटायला मला अकरा दिवस लागले, कारण आपल्या काळ्या मातीवर पाणी पडलं की ती आधी गडद होते, मग कडेनं वाळत आत येते, आणि मी पहिल्यांदा उलटं केलं होतं, मधून बाहेर वाळत होतं ते. अंगणात तांब्या ओतून मोबाईलवर व्हिडिओ काढला तेव्हा कळलं. बोअर मारायची पण सोय आहे, मात्र बोअर कोरडा जाऊ शकतो, ३०० फुटाला फुपाटा, ५०० फुटाला फुपाटा, आणि प्रत्येक फुटाला तुमच्याजवळचं पाणी कमी होत जातं कारण मशीनवाल्याची मजुरी पाण्यातच द्यायची असते. एक पाणाड्या आहे, नारळ हातावर धरून जागा दाखवतो. तो खरं सांगतो का खोटं हे मी गेममध्ये कुठंच उघड केलेलं नाही.

आता आजीचं सांगतो, कारण तिच्याशिवाय हा गेम अर्धाच राहिला असता. आमचं गाव औसा तालुक्यातलं, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं त्यात जुनं गाव पूर्ण गेलं, नंतर जी ५२ गावं दुसरीकडं वसवली त्यातलं एक. किल्लारीच्या भूकंपात सुमारे १०,००० माणसं गेली, आमच्या घरातली तीन. मी तेव्हा जन्मलो पण नव्हतो. पण गेममध्ये पडकं गाव दाखवायचं म्हणल्यावर माझ्या डोळ्यापुढं दुसरं कुठलं गाव येतच नव्हतं, जुन्या गावठाणातले ते दगडाचे ढीग, त्यात वाढलेल्या वेड्या बाभळी. दोन महिने मी तो भाग लांबवत राहिलो. विचारल्याशिवाय करायचं नाही हे पक्कं होतं. दिवाळीला गावाकडं गेलो तेव्हा लॅपटॉप आजीपुढं ठेवला आणि माळवदाचं घर पडतानाचं माझं ॲनिमेशन दाखवलं.

ती म्हणाली, “आसं न्हाई पडत रं माळवद. आधी माती गळती, मंग दगडं येतेत, लाकडं शेवटी.” मग बराच वेळ काही बोलली नाही. मी बंद करू का म्हणलं तर नको म्हणाली. “धूळ इतकी हुती की कंदील लावला तर कंदीलच दिसंना.” मी विचारलं, आजी हे गेममध्ये टाकू का, तुला कसं वाटंल. तर म्हणाली, “टाक. पर मेलेली माणसं दावू नको. भांडी दाव.”

भांडी का, तर आपल्याकडं भांड्यावर नाव घातलेलं असतं, कुणाकडून कुणाला कधी दिलं ते, आणि ढिगारा उपसताना कोणतं घर कुणाचं हे पितळीवरच्या नावावरून वळखलं होतं, कारण गल्ल्याच राहिल्या नव्हत्या. तिच्याजवळ अजून एक पितळेचा तांब्या आहे, एका बाजूनं चेपलेला, त्यावर तिच्या जावेचं नाव आहे. मी त्याचा फोटो काढला आणि परत येऊन गेमची मुख्य गोष्टच बदलली. आधी खेळाडूनं एक गुप्त तळं शोधायचं असं होतं. आता त्याला पडक्या घरांत नाव घातलेली भांडी सापडतात, आणि ती ज्याची त्याच्या वारसापर्यंत पोचवायची, त्यासाठी गावोगाव विचारत फिरायचं. भांडं विकून चार घागरी पाणी पण मिळू शकतं. तो निर्णय खेळणाऱ्याचा. एक वर्षाचं काम त्यात गेलं आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

मराठी अक्षरांचं पण सांगायलाच पाहिजे, ज्याला मराठीत गेम करायचाय त्यानं हे आधी वाचावं. मी सुरुवात गोडॉट ३ मध्ये केली, गेम बनवायचं सॉफ्टवेअर आहे ते, फुकट आहे, हलकं आहे. पण त्यात आपली लिपी नीट जुळत नाही. ‘विहीर’ मधली पहिली वेलांटी ‘व’ च्या मागं जाऊन बसायची, ‘दुष्काळ’ मधला ‘ष’ पाय मोडून एकटा उभा आणि ‘का’ शेजारी वेगळाच. मी वर्षभर काय केलं तर एकेक संवाद बाहेर डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून त्याचं चित्र करून टाकायचो, म्हणजे एक शब्द बदलला की परत चित्र. मार्च २०२३ मध्ये गोडॉट ४ आलं आणि त्यात जोडाक्षरं, वेलांट्या सगळं बरोबर यायला लागलं. प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत नेताना निम्मा कोड तुटला, दोन महिने दुरुस्त करत बसलो, पण पहिल्यांदा जेव्हा पडद्यावर पूर्ण वाक्य सरळ उमटलं तेव्हा मी ते दहा वेळा चालवून बघितलं. फॉन्ट मी ‘मुक्ता’ वापरला, त्याचं लायसन्स खुलं आहे, गेममध्ये घालता येतो. ओळींमधलं अंतर मात्र वाढवून घ्या, इंग्रजीच्या मापानं ठेवलं तर वरचा रफार आणि अनुस्वार कापले जातात.

आता स्टीम. २०१७ पासून स्टीम डायरेक्ट म्हणून पद्धत आहे, एका गेमला १०० डॉलर भरायचे, आणि गेमची विक्री १,००० डॉलरच्या वर गेली की ते परत मिळतात. विक्रीतला ३० टक्के वाटा त्यांचा. मी पैसे भरायला बसलो आणि कार्ड चालेना, तीनदा केलं, चौथ्यांदा घाबरलो की पैसे कापले गेले का काय. कारण साधं होतं, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डावर परदेशातले व्यवहार बंदच असतात, आपण स्वतः चालू करावे लागतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू केलं, लगेच झालं.

खरा वेळ गेला तो नावात. स्टीमवर खात्यात जे नाव टाकाल तेच बँकेत आणि टॅक्सच्या कागदावर लागतं, अगदी तसंच. माझ्या पासबुकावर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं, आणि पॅनवर माझं, वडिलांचं, मग आडनाव. आपल्याकडं निम्म्या लोकांचं असंच असंल. माझी पडताळणी अडकली. खातं गावाकडच्या शाखेत, तिथं अर्ज दिला, आधार पॅन जोडलं, तर साहेब सुट्टीवर, मग सर्व्हर बंद, मग म्हणले पुढच्या सोमवारी या. दुकानातनं सुट्टी घेऊन तीन चकरा झाल्या, साठ-साठ किलोमीटर येणं-जाणं, आणि तिसऱ्यांदा नाव दुरुस्त झालं पण वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडलं. त्या दिवशी मी शाखेच्या पायरीवर बसून राहिलो, खरंच रडू यायचं बाकी होतं. तिथल्या एका मॅडमनी बाहेर येऊन विचारलं, आत नेलं, समोर बसवून एकेक अक्षर माझ्याकडून वाचून घेतलं आणि त्याच दिवशी करून दिलं. परदेशातून पैसे यायला बँकेचा स्विफ्ट कोड लागतो, त्याचं पण त्यांनीच सांगितलं, “तो आपल्या शाखेला नसतोय, जिल्ह्याच्या मोठ्या शाखेचा घ्या.” त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तर तुम्ही गेम सुरू करायच्या आधीच हे नाव सरळ करून ठेवा, पैसे भरायच्या वेळी नको.

टॅक्सचा फॉर्म दिसायला भीतीदायक आहे पण सोपा आहे. डब्ल्यू-८बेन म्हणतात त्याला. त्यात आपला पॅन नंबर टाकायचा आणि भारत-अमेरिकेच्या टॅक्सच्या कराराचा फायदा मागायचा. केलं तर अमेरिकेतल्या विक्रीवर १५ टक्के कापतात, नाही केलं तर ३०. बाकी देशांतल्या विक्रीला हे लागत नाही. अर्धा तास लागला.

मग स्टोअरचं पान. चित्रं वेगवेगळ्या मापाची लागतात, किमान ५ स्क्रीनशॉट लागतात. पहिल्यांदा माझं पान परत आलं, चूक माझीच. फ्लेक्सच्या सवयीनं मी मुख्य चित्रावर गेमच्या नावाखाली मोठ्या अक्षरात ‘लवकरच येत आहे’ टाकलं होतं. स्टीमचा नियम असा की त्या चित्रावर गेमचं नाव सोडून दुसरा मजकूर नको. आणि स्क्रीनशॉटमध्ये मी एक हातानं काढलेलं चित्र घातलं होतं, तिथं फक्त चालू गेममधलंच लागतं. दोन्ही बदललं. एक प्रश्नावली पण असते, त्यात जानेवारी २०२४ पासून एआय वापरलंय का तेही विचारतात, मी नाही म्हणून लिहिलं, सगळं हातानं काढलंय, तांब्यावरची अक्षरं पण. परत पाठवलं आणि चार दिवसांनी मंजूर झालं.

पान लागलं म्हणून दुसऱ्या दिवशी गेम विकता येत नाही हे लक्षात ठेवा. पैसे भरल्यापासून ३० दिवस थांबावं लागतं आणि पान कमीत कमी दोन आठवडे लोकांना दिसलं पाहिजे. शिवाय गेमची फाईल वेगळी तपासतात. मी तर आधी डेमो काढणार आहे, पहिलं गाव, एक बोअर आणि तीन भांडी एवढाच. विशलिस्ट, म्हणजे पुढं घ्यायचा म्हणून गेम यादीत टाकून ठेवणारे, सध्या ४१ आहेत, त्यातले बारा माझे मित्र आणि दुकानातले लोक. एक कुणीतरी ब्राझीलमधून लिहिलंय की तिकडं पण असाच कोरडा भाग आहे. मी त्याला रात्री दोन वाजता लांबलचक उत्तर लिहिलं.

आजीला परवा पान दाखवलं, ट्रेलर लावला. तांब्या दिसला तेव्हा तिनं मोबाईल हातात घेतला, डोळ्याजवळ नेला आणि नाव वाचलं. नाव मी बदललेलं आहे, तिच्या जावेचं ठेवलं नाही, ते मी तिला आधीच सांगितलं होतं. मग म्हणाली बोअरच्या मशीनचा आवाज चुकलाय, “खाली दगड लागला की आवाज बारीक हुतोय, तुझा एकच लागलाय.” बरोबर आहे तिचं, मी इंटरनेटवरचा आवाज घेतला होता. औसा रोडला एका शेतात रविवारी गाडी येणारय म्हणून कळलंय, मालकाला विचारून ठेवलंय, रेकॉर्डर घेऊन पहाटेच जातो.