हेलपाटे

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्याचं सार दोन शब्दांत सांगायचं, तर हेलपाटे वाचवणे. डेटाबेसकडे शंभरदा जाण्याऐवजी एकदाच जाऊन सगळं घेऊन यायचं. एकदा आणलेलं कॅशमध्ये, म्हणजे हाताशी साठवून ठेवायचं, पुन्हा मागायला जायचं नाही. 'लूपच्या आत क्वेरी कशाला?', म्हणजे दर फेरीला डेटाबेसकडे नव्याने मागणी कशाला, हा प्रश्न कोड तपासताना मी आजवर किती पोरांना विचारला असेल, देव जाणे. त्याचाच मला पगार मिळतो.

आणि रात्री पावणेबाराला हाच माणूस घड्याळात 9,700 पावलांचा आकडा बघून हॉलमध्ये सोफ्याभोवती फेऱ्या घालत असतो. बायकोला आता त्याचं काही वाटत नाही. पाय तेवढे वर घेते.

दहा हजार पावलांचा हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलाय असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तो आला 1965 साली जपानमध्ये विकायला काढलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून. 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव लक्षात राहण्याजोगं होतं, राहिलं. नुसता गोल आकडाच हवा होता, तर आमच्या दोनाच्या पटीतल्या हिशेबाने 8192 (दोनाचा तेरावा घात) जास्त गोल आहे, शिवाय सोफ्याभोवतीच्या फेऱ्याही वाचल्या असत्या. पण हे बायकोला समजावून सांगण्यात अर्थ नाही.

व्यायामाची मला मनापासून आवड आहे, कुणी धाक घातला म्हणून मी करत नाही. सकाळी पन्नास मिनिटं पळतो, दोन दिवस वजनं उचलतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, ती माझी बुधवारीच भरतात. त्यामुळे बरीच वर्षं मी कॉलर ताठ करून वावरत होतो. मग एकदा त्यांची 2020 सालची मार्गदर्शिका नीट वाचली. तिच्यात आणखी एक सूचना आहे: बसण्याचा वेळ कमी करा. किती कमी, त्याचा आकडा नाही. अशी मोघम रिक्वायरमेंट आली की आम्ही ती बॅकलॉगमध्ये, म्हणजे 'नंतर बघू'च्या यादीत ढकलतो. मीही ढकलली.

ती तिथून बाहेर आली लंडनच्या बसमुळे. जेरेमी मॉरिस नावाच्या संशोधकाने 1953 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. दुमजली बस, त्यात दोन माणसं. मार्ग तोच, पाळी तीच, धूरही तोच. ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटांसाठी सतत जिन्यावर, खाली-वर. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. म्हणजे ज्याच्या वाट्याला हेलपाटे, तो फायद्यात!

वाचलं आणि आमचा अख्खा मजला डोळ्यांसमोर आला. ओळीने ड्रायव्हर बसलेले, कंडक्टर एकही नाही. कंडक्टरचं काम आपण कधीच ऑटोमेट करून टाकलंय. पूर्वी उठून कुणाच्या टेबलापाशी जावं लागायचं, आता चॅटवर 'पिंग' करतो. तो कुणी शेजारच्या खुर्चीवर असला तरी पिंगच करतो.

पण मॉरिसबद्दल खरा आदर वाटला तो पुढच्या गोष्टीमुळे. 1956 साली त्याने त्याच बसवाल्यांच्या गणवेशाची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या विजारी कंबरेत कंडक्टरांपेक्षा मोठ्या होत्या, आणि हा फरक नोकरीला लागतानाच दिसत होता. म्हणजे खुर्चीने माणूस रुंद होतो, की रुंद माणूसच खुर्ची शोधतो? स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षात असा बग काढून छापायला छाती लागते. आमच्याकडे लोक 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणून मोकळे होतात. खुर्चीवरचा आरोप नंतरच्या अभ्यासांनी काही मागे घेतला नाही, पण मी मात्र आरशासमोर उभा राहून विचार केला की आपल्याला हा धंदा आवडला तो नक्की कशासाठी.

तर मी कंडक्टर व्हायचं ठरवलं. आमचा बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालणारा प्रोग्रॅम तयार होणं, अकरा मिनिटं चालायचा. बिल्ड लावायचा आणि उठायचं. एक सेट स्क्वॉट, मग पाच मजले जिना उतरून परत चढायचा. घाम फुटेपर्यंत नाही, नुसतं पोटऱ्यांना जाग येईपर्यंत. पायातलं रक्त वर ढकलायचं बरंचसं काम पोटऱ्यांचं असतं आणि खुर्चीत ते मंदावतं. दिवसाला सहा-सात बिल्ड सहज व्हायचे. एकदा माइक बंद करायचा राहिला आणि मीटिंगमध्ये माझी धाप सगळ्यांनी ऐकली. 'अरे, बरा आहेस ना?' पलीकडून इतक्या काळजीने कुणीतरी विचारलं, की खरं सांगायची लाज वाटली. 'हो, लिफ्ट बंद होती,' म्हणालो.

तीन महिने छान गेले. मग एका रिकाम्या शुक्रवारी सवयीने बिल्डची लॉग, म्हणजे कामाची नोंद, उघडून बसलो. प्रत्येक वेळी त्याच त्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, नव्याने डाउनलोड होत होत्या. हेलपाटे! हात शिवशिवले. कॅश लावला आणि बिल्ड दीड मिनिटावर आणला. टीमने टाळ्या वाजवल्या, वरिष्ठांचं कौतुकाचं मेल आलं. सोमवारी बिल्ड लावला, उठलो, दारापर्यंत पोहोचतोय तर स्क्रीनवर हिरवी खूण. परत येऊन बसलो.

आता पाण्यावर आहे. टेबलावर मुद्दाम छोटा पेला ठेवलाय, दोन घोटांत संपणारा. तो भरायला मजल्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. दिवसाला बारा-चौदा खेपा होतात, आणि पाणी पोटात गेल्यावर निसर्ग आणखी चार-पाच करायला लावतो. माझं हे चाललेलं टीम बघत होती. वाढदिवसाला सगळ्यांनी वर्गणी काढून मला दोन लिटरची भलीमोठी बाटली दिली, वर चिठ्ठी: 'तुझे हेलपाटे वाचवायला.'

पोरांना मीच शिकवलंय. बोलणार काय? बाटली भरून टेबलाखाली ठेवली आहे. मीटिंग लांबली की दंडाच्या व्यायामासाठी उचलतो. माइक आधी बघून.