स्पेसमध्ये जायचंय म्हणजे नक्की काय करायचंय

मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे, सोलापुरातच, आणि स्पेसमध्ये करिअर करायचंय म्हटलं की आत्याचा ठरलेला प्रश्न, "रॉकेटात बसून जाणार का गं तू?" नाही ओ आत्या, मला उपग्रहाचं थर्मल बघायचंय.

थर्मल म्हणजे कसंय, वर हवाच नाही, त्यामुळं फॅन लावून काय गार होत नाही, उष्णता बाहेर जाणार ती फक्त रेडिएशननं (किरणांच्या रूपात), त्यात एका बाजूला कडक ऊन, दुसरीकडं काळोख आणि आतल्या बॅटरीला मात्र ठरावीकच टेंपरेचर पाहिजे (नखरे!). मग एकदम पातळ प्लास्टिक फिल्मवर ॲल्युमिनियमचा मुलामा देतात, असे भरपूर थर, मधे जाळी, म्हणजे थर एकमेकांना चिकटून उष्णता पुढं सरकायला नको. आपली सोलापुरी चादर हवा धरून ठेवते म्हणून ऊब, ही बिनहवेची चादर, उष्णता आरशासारखी परत फेकणारी. चाटी गल्लीत (आमच्या चादरींच्या बाजारात) सांगितलं तर लगेच कळेल बघा.

आयआयटीच लागते असंही नाही. इस्रोचं सूर्याचा अभ्यास करणारं यान आदित्य-एल1 2023 मध्ये सुटलं, पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर जायला, त्याच्या प्रोजेक्ट डायरेक्टर निगार शाजी तिरुनेलवेलीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या. इस्रोच्या भरतीत लेखी परीक्षा, मग इंटरव्ह्यू. मम्मी म्हणतीय पुण्याला क्लास लाव. बघू, आधी हीट ट्रान्सफरचा पेपर, तोही एप्रिलच्या सोलापुरात.